नागपूरचा विषाणू, पिट्सबर्गचा विषाणू

सेंट्रीफ्यूज थांबला की खोलीत एकदम शांतता होते. दीड तास मिनिटाला साठ हजारांहून अधिक फेऱ्या घेतलेला रोटर मी दोन्ही हातांनी, हिंदकळू न देता उचलते. आतल्या नळ्यांत आयोडिक्सॅनॉल नावाच्या दाट द्रावणाचे चार थर एकावर एक बसवलेले असतात. तळाशी साठ टक्क्यांचा, त्यावर चाळीसचा, मग पंचवीसचा, सगळ्यांत वर पंधराचा. साठ आणि पंचवीसच्या थरांत रंग घालतात, चाळीसचा बिनरंगी ठेवतात, म्हणजे तो नजरेला सापडतो. पंचवीस-चाळीसच्या सीमेवर पेशींतल्या प्रथिनांची पांढुरकी साय धरते. तिला धक्का लावायचा नाही. नळीच्या भिंतीतून सुई बरोबर साठ-चाळीसच्या सीमेखाली घालायची आणि तो स्वच्छ थर हळूहळू ओढून घ्यायचा. सिरिंजमध्ये जे येतं ते पाण्यासारखं दिसतं. पण त्या चार-पाच मिलिलिटरमध्ये काही लाख कोटी विषाणू असतात.

पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका विद्यापीठात मी पीएचडी करते. आमच्या केंद्राचा मजला लांबलचक आहे. एका टोकाला आम्ही विषाणू बनवतो, दुसऱ्या टोकाला मेंदूचे कागदाहून पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली बघणारी माणसं बसतात. मधल्या खोल्यांत पेशी वाढतात. जनुकोपचार म्हणजे खरं तर या दोन टोकांमधली वाहतूक आहे. विषाणूच्या आतलं त्याचं स्वतःचं सामान काढायचं, तिथे माणसाचं एक धड जनुक भरायचं आणि तो मेंदूकडे रवाना करायचा. सांगायला एक वाक्य लागतं. करायला जगाला पन्नासेक वर्षं लागली.

मी इथे का आले हे कुणी विचारलं की मी 'विषाणूंची आवड' वगैरे सांगते. ते खोटं नाही. पण सुरुवात वेगळी आहे, आणि ती कन्हान नदीकाठच्या आमच्या गावात आहे.

२००७ चा जून. पाऊस लांबलेला. मी अकरा वर्षांची होते. माझी आत्या गावच्या उपकेंद्रात नर्स होती. आमच्या घरामागे एका शेतमजुराचं मातीचं घर होतं. त्याचा पाच वर्षांचा मुलगा आदल्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर चिंचोके खेळत होता. रात्री त्याला ताप भरला, पहाटे आकडी आली. आत्या धावत गेली, ओल्या फडक्यानं अंग पुसलं, जीप मिळवली, स्वतः सोबत बसली. नागपूरला पोचण्याआधीच मुलगा गेला. परत आल्यावर आत्या न्हाणीघराच्या पायरीवर बसून राहिली होती. आजी तिला म्हणाली, "काल संध्याकाळी तं हसत होतं बापा पोट्टं." आत्या काही बोलली नाही. कागदावर 'मेंदूज्वर' लिहिलं गेलं. कुठला मेंदूज्वर, हे कुणालाच कळलं नाही, कारण रक्ताचा नमुना घ्यायलाही सवड मिळाली नव्हती.

त्या उन्हाळ्यात नागपूर विभागात चांदीपुरा विषाणूची साथ होती, हे मला फार उशिरा, पुण्यात एमएस्सी करताना कळलं. आमच्या गावातला तो मुलगा त्याच विषाणूनं गेला असं मी म्हणू शकत नाही. पण आत्यानं त्यानंतर गावातल्या प्रत्येक मातीच्या घराच्या भेगा शेणामातीनं लिंपून घेतल्या होत्या, फवारणीवाल्यांच्या मागे लागून कोपरान् कोपरा फवारून घेतला होता. वाळूमाशी भिंतीच्या भेगांत राहते आणि हा विषाणू तीच पसरवते, एवढं तिला वरून सांगितलं गेलं होतं आणि तेवढ्यावर तिनं जे करता येईल ते सगळं केलं.

पुण्यात राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत शिकताना मी पहिल्यांदा या विषाणूची जन्मकथा वाचली. ही संस्था १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं 'व्हायरस रिसर्च सेंटर' म्हणून सुरू झाली. १९६५ साली नागपुरात तापाची मोठी लाट आली होती. चिकुनगुन्या आणि डेंग्यू दोन्ही एकदम. पुण्याची माणसं त्या दोघांच्या शोधात नमुने तपासत होती. दोन रुग्णांच्या रक्तातून भलतंच काही वाढलं, जे त्या दोन्हींपैकी नव्हतं. भट आणि रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांनी ते बाजूला टाकलं नाही. तपासलं, वर्णन लिहिलं, १९६७ मध्ये छापलं आणि विषाणूला नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं नाव दिलं. त्यानंतर जवळपास चार दशकं त्याची फारशी विचारपूस कुणी केली नाही. मग २००३ च्या उन्हाळ्यात आंध्र प्रदेशात ३२९ मुलं मेंदूच्या आजारानं आजारी पडली आणि त्यांतली १८३ गेली. महाराष्ट्रातही मुलं दगावली. शोध घेत गेल्यावर मिळाला तो हाच, कपाटातला जुना विषाणू.

माझ्या वहीत त्या पानावर मी '१९६५' भोवती गोल केला होता. दुसरा गोल इथे येऊन केला.

त्याच १९६५ साली, ऑगस्टमध्ये, पिट्सबर्ग विद्यापीठातल्या रॉबर्ट अ‍ॅचिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटा निबंध छापला. ते सर्दी-तापासारखे आजार आणणाऱ्या अ‍ॅडेनोव्हायरसवर काम करत होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या नमुन्यात अ‍ॅडेनोव्हायरसच्या जोडीला बारीक, साधारण पंचवीस नॅनोमीटरचे कण दिसले. मोठ्या टपोऱ्या ज्वारीत राजगिऱ्याचे दाणे मिसळावेत तसे. नमुना अशुद्ध आहे म्हणून फेकून देता आला असता. त्यांनी ते कण वेगळे केले. तेव्हा कळलं की हे एकटे वाढूच शकत नाहीत. पेशीत आधी अ‍ॅडेनोव्हायरस असेल तरच यांची वाढ होते. म्हणून नावही तसंच पडलं, अ‍ॅडेनो-असोसिएटेड व्हायरस. आम्ही सगळे एएव्ही म्हणतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात तो कधी ना कधी येऊन जातो आणि त्यानं एकट्यानं कुठलाही आजार होतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही.

म्हणजे एकाच वर्षी दोन ठिकाणी माणसं एका गोष्टीच्या मागे होती आणि त्यांना दुसरीच सापडली. एक सापडली माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. ती मुलांच्या मेंदूवर चालून जाते. दुसरी आज मुलांच्या मेंदूपर्यंत औषध नेते. दोन्ही नोंदी तितक्याच काळजीनं लिहिलेल्या आहेत. पुढे त्यांच्या वाट्याला जे आलं ते मात्र सारखं नाही, आणि मला इथल्या थंड रात्री सारखं त्याच्यावरच विचार करावासा वाटतो.

एएव्हीच्या मागे विद्यापीठं लागली. १९८२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात ज्यूड सॅमुल्स्की आणि सहकाऱ्यांनी त्याचं जनुकद्रव्य प्लाझमिडमध्ये, म्हणजे जीवाणूंत वाढवता येणाऱ्या डीएनएच्या गोल तुकड्यात, बसवलं. १९८३ मध्ये तिथेच अरुण श्रीवास्तव यांनी त्याची अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. जेमतेम ४,७०० अक्षरं. त्यांतली दोन टोकांची प्रत्येकी १४५ अक्षरं ठेवली की मधलं सगळं काढून टाकता येतं. आम्ही आजही तेच करतो. विषाणूचा संसार तीन प्लाझमिडांत वाटून देतो. एकावर आपल्याला पोचवायचं जनुक, दुसऱ्यावर विषाणूचं कवच घडवायची कृती, तिसऱ्यावर अ‍ॅडेनोव्हायरसकडून उसनी घेतलेली मदत. तिन्ही एकाच पेशीत शिरले तर विषाणू तयार होतो. पण पुढे माणसाच्या अंगात गेल्यावर त्याच्याकडे ना कवचाची कृती असते ना मदत, त्यामुळे तो आपली पिलावळ वाढवू शकत नाही. सामान पोचवतो आणि थांबतो. अडचण जागेची. ४,७०० अक्षरांच्या पिशवीत काय मावेल तेवढंच न्यायचं. स्नायूंच्या एका नेहमी ऐकू येणाऱ्या आनुवंशिक आजारातलं डिस्ट्रोफिनचं जनुक अकरा हजारांहून मोठं आहे. ते मावत नाही, कापून छोटं करून न्यावं लागतं.

दुसरी अडचण मेंदूची. मेंदू कुणालाही सहज आत घेत नाही. १८८५ च्या सुमारास पॉल एर्लिख यांनी जनावरांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा सगळी इंद्रियं रंगली आणि मेंदू कोरा राहिला. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की रक्तातलं फार थोडं पलीकडे जातं. हे कुंपण आहे म्हणून आपण जिवंत आहोत. औषध देणाऱ्याला मात्र ते दर वेळी आडवं येतं.

आणि तिसरी गोष्ट, जी आमच्याकडे नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सांगतात. इथेच, पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात सप्टेंबर १९९९ मध्ये जेसी गेल्सिंगर नावाचा अठरा वर्षांचा मुलगा जनुकोपचाराच्या चाचणीत मरण पावला. त्याला यकृताचा एक आनुवंशिक आजार होता, ज्यात रक्तात अमोनिया साठतो. त्याचा आजार सौम्य होता, पथ्य आणि गोळ्यांवर तो ठीक होता. हाच आजार तीव्र स्वरूपात घेऊन जन्मणाऱ्या बाळांना उपयोग व्हावा म्हणून तो पुढे आला. १३ सप्टेंबरला त्याला ३८ लाख कोटी विषाणूकण दिले. तो एएव्ही नव्हता, अ‍ॅडेनोव्हायरस होता, आणि शरीरानं त्याच्यावर असा काही हल्ला चढवला की १७ तारखेला जेसी गेला. मागाहून चौकशीत निघालं की आधीच्या प्रयोगांत माकडं दगावल्याची माहिती संमतीपत्रातून वगळलेली होती. त्याच्या रक्तातला अमोनियाही नियमात ठरलेल्या मर्यादेहून जास्त होता. अमेरिकेत या क्षेत्राचं काम कित्येक वर्षं जवळजवळ थिजून गेलं.

मी ती सगळी हकीकत एका बैठकीत वाचली आणि त्या दिवशी मला काम करता आलं नाही. मला पुन्हा पुन्हा संमतीपत्रच दिसत होतं. आत्याकडेही कागद असायचे, लसीकरणाचे, नसबंदीचे. अंगठा घेण्याआधी ती पूर्ण वाचून दाखवायची, तिच्या बोलीत समजावून सांगायची, आणि बाई कुरकुरली तर "जा, उद्या ये, घरी विचारून ये" म्हणायची. तिचं उद्दिष्टाचं काम मागे पडायचं, वरून बोलणी बसायची. तिनं वाचून दाखवणं कधी सोडलं नाही.

जेसीच्या मृत्यूनंतर त्याच फिलाडेल्फियाच्या प्रयोगशाळेत, जेम्स विल्सन यांच्या गटात, अ‍ॅडेनोव्हायरसहून सुरक्षित वाहकाचा शोध सुरू झाला. माकडांच्या आणि माणसांच्या ऊतींमध्ये दडलेले एएव्हीचे नवे नवे प्रकार ग्वांगपिंग गाओ आणि इतरांनी शोधून काढले. माणसाच्या ऊतीतून मिळालेला एक प्रकार २००४ मध्ये जगासमोर आला, एएव्ही-९. त्याचा खरा गुण पाच वर्षांनी कोलंबसमध्ये, ओहायोत, कळला. नवजात उंदराच्या शिरेत दिलेला एएव्ही-९ मेंदूचं ते कुंपण ओलांडत होता आणि मज्जारज्जूतल्या, हातापायांना हालवणाऱ्या चेतापेशींत जाऊन बसत होता.

मी असा काप पहिल्यांदा पाहिला तेव्हाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. विषाणूत हिरवं चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक भरलेलं होतं. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली मज्जारज्जूचा आडवा काप, मधे फुलपाखरासारखा आकार, आणि त्याच्या खालच्या पंखांत मोठाल्या, टोकदार, हिरव्यागार पेशी. प्रत्येक पेशीपर्यंत माझ्या नळीतला विषाणू पोचला होता. आत्याला फोटो पाठवला. तिनं लगेच लिहिलं, "काजवे आहेत का गं हे?"

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीत नेमक्या याच पेशी मरतात. साधारण दहा हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. पाचव्या गुणसूत्रावरचं एसएमएन-१ हे जनुक बिघडलेलं किंवा गायबच असतं. ते १९९५ मध्ये पॅरिसमध्ये ज्युडिथ मेल्की यांच्या गटानं शोधलं. सर्वांत तीव्र प्रकारात बाळ मान धरत नाही, बसत नाही, गिळणं आणि श्वास अवघड होत जातो. उपचार नसेल तर बहुतेक बाळं दोन वर्षांची होत नाहीत. बाळ हसतं, डोळ्यांनी आईच्या मागे मागे फिरतं, सगळं समजतं. निसर्गानं इथे एकच मेहेरबानी केली आहे. या जनुकाची प्रथिनासाठी लागणारी अक्षरं नऊशेच्या आत आहेत, एएव्हीत आरामात मावतात.

२०१४ मध्ये कोलंबसला पहिल्या बाळाला हे जनुक भरलेल्या एएव्ही-९ चं औषध दिलं गेलं. एकूण पंधरा बाळं. २०१७ मध्ये निकाल छापून आला तेव्हा पंधराही बाळं वीस महिन्यांची होऊन, कायमच्या श्वसनयंत्राशिवाय जिवंत होती. जास्त मात्रा मिळालेल्या बारांपैकी अकरा आधाराशिवाय बसत होती आणि दोन चालत होती. तो निबंध मी कोरड्या डोळ्यांनी अजून वाचलेला नाही. त्यातला एक तक्ता आहे, 'बसणे', 'बोलणे', 'चालणे' असे रकाने असलेला. आत्याच्या उपकेंद्रातल्या बाळांच्या वाढीच्या कार्डासारखाच.

मात्रा मात्र प्रचंड. दर किलो वजनामागे ११० लाख कोटी कण. एकदाच द्यायचं, कारण नंतर शरीर त्या कवचाला ओळखतं आणि दुसऱ्या खेपेला दारातच अडवतं. यकृतावर ताण येतो, म्हणून सोबत स्टिरॉइड द्यावं लागतं. तरीही २०२२ मध्ये दोन मुलं यकृत निकामी होऊन गेल्याचं कंपनीनं जाहीर केलं. म्हणून आमच्याकडे पूर्ण भरलेले कण आणि रिकामी कवचं वेगळी करण्यावर एवढा जीव टाकतात. रिकामं कवच औषध नेत नाही, फक्त शरीराला चिथावतं.

२०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, किंमत एकवीस लाख डॉलर. आपल्याकडे त्या औषधाचं नाव 'सोळा कोटींचं इंजेक्शन' असं पडलं. २०२१ साली महाराष्ट्रात या एका इंजेक्शनसाठी आईबापांनी फेसबुकवर, व्हॉट्सअ‍ॅपवर पदर पसरले. अनोळखी लोकांनी शंभर-शंभर, पाचशे-पाचशे रुपये पाठवले. आमच्या गावच्या बचतगटातल्या बायकांनीही पाठवले. आत्यानं ती हाक मला पुढे धाडून खाली लिहिलं होतं, "हे तू शिकतेस तेच ना? एवढं महाग काहून?"

मी तेव्हा लांबलचक उत्तर लिहिलं. उत्पादन कठीण आहे, रुग्ण थोडे आहेत, चाचण्यांना वर्षं लागतात. सगळं खरं होतं. पण चाळीस टक्क्यांचा तो थर मी स्वतःच्या हातानं ओढते. त्याला किती पेशी, किती प्लाझमिड, किती रात्री लागतात हे मला माहीत आहे, आणि त्या हिशोबातून सोळा कोटी काही केल्या निघत नाहीत. शिवाय पिट्सबर्गपासून कोलंबसपर्यंत या विषाणूला ओळखण्याचं मूळ काम विद्यापीठांत झालं, बरंचसं सरकारी पैशावर. आईबापांना घराघरांत हात पसरावे लागतील अशी किंमत मला मान्य नाही. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत आकाराला आलेला कर्करोगावरचा पेशी-उपचार २०२३ मध्ये मंजूर झाला आणि परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्श्यात मिळू लागला. २०२४ मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनी हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवरच्या जनुकोपचाराचे निकाल छापले. मला परत जायचं आहे ते या कामासाठी.

आणि चांदीपुरा? २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत तो पुन्हा उठला. त्या साथीत ६४ रुग्णांत त्याची खात्री पटली. आजही त्यावर ना लस ना औषध. ताप उतरवायचा, आकडी थांबवायची, शिरेतून पाणी द्यायचं. २००७ मध्ये आत्या जीपमध्ये जे करू पाहत होती तेच, थोड्या बऱ्या साधनांनी. त्या बातम्या सुरू असताना तिनं फोनवर मला सरळ विचारलं, "तुह्या त्या विषाणूनं या तापाचं काही होत नाही का?"

मी तिला म्हणाले की आमचं औषध पेशीत जाऊन कामाला लागायला दिवस-आठवडे घेतं आणि चांदीपुरा एका दिवसात मूल नेतो. इथे लसच हवी. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग लसच कर ना पोरी."

त्या रात्री मी झोपले नाही, चांदीपुरावर जे काही छापलं गेलंय ते वाचत बसले. त्याचा एक परदेशी भाऊ आहे, गुराढोरांच्या तोंडात फोड आणणारा. त्या भावाच्या अंगावर इबोलाचं प्रथिन चढवून केलेली लस २०१९ मध्ये मंजूर झालेली आहे. त्याच भावाचं बाहेरचं प्रथिन जनुकोपचारातल्या दुसऱ्या एका वाहकाला, लेंटिव्हायरसला, नेहमी कवच म्हणून वापरतात. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते पहाटे तीनच्या सुमारास सापडलं. २०१६ मधला एक निबंध. त्यात अमेरिकेतल्या एका गटानं लेंटिव्हायरसला चांदीपुराचं प्रथिन चढवून पाहिलं होतं, जनुकं वाहून नेण्यासाठी. आणि ते चाललं होतं.

सकाळी ग्रुप मीटिंगमध्ये मी तो निबंध मांडला. माझ्या गाइडबाईंनी पडद्यावरचं नाव वाचलं, "शँडिप्युरा." मी म्हणाले, चांदीपुरा. त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं. शेजारच्या दोघांनीही म्हणून पाहिलं. मग बाईंनी विचारलं की ही जागा कुठे आहे. मी पडद्यावर नकाशा उघडला, नागपूर दाखवलं, कन्हान नदी दाखवली, आणि बोट थोडं वर सरकवून आमचं गाव दाखवलं.